गिलके, दुधी, कारले परसात: खान्देशात बी टोकण्यापासून तोडणीपर्यंत

परसबागेत वेलभाज्या लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. वेल धाब्यावर चढला, पाने तळहाताएवढी झाली, पिवळी फुले पण भरपूर आली, फळ मात्र धरेना. मग खत वाढवले जाते आणि वेल आणखी माजतो. खरी चूक खताच्या फार आधी झालेली असते. बी कोणत्या तारखेला टोकले, एका आळ्यात किती वेल ठेवले आणि फूल उमलते त्या वेळी तिथे मधमाशी येते की नाही, या तीन गोष्टींवर सगळे ठरते. खालची माहिती जळगाव, धुळे, नंदुरबारची हवा आणि काळी जमीन धरून लिहिली आहे. कोकणातले किंवा पुण्याकडचे वेळापत्रक इथे तसेच्या तसे लागू होत नाही.

१. आधी तारीख ठरवा

आपल्याकडे हे वेल दोन हंगामांत नीट येतात.

पावसाळी लागवड जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत करा. पहिल्या वळवाच्या सरीला भुलू नका. जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय बी टोकले, तर ते अर्धवट फुगते आणि पुढच्या उघडिपीत जागीच कुजते किंवा सुकते. नवख्यांनी सुरुवात याच हंगामात करावी. फळमाशी आणि बुरशीचा त्रास जास्त असला, तरी वेल मरत नाही.

उन्हाळी लागवड जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. इथे आठ-पंधरा दिवसांचा फरकही महागात पडतो. या बियांना उगवायला २५ ते ३० अंश तापमान मानवते, आणि आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो. लवकर टोकलेले बी मातीत पडून सडते. उलट मार्चमध्ये टोकले, तर वेल फुलावर येतो नेमका एप्रिलअखेर आणि मेमध्ये. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो. त्या उन्हात नर फुलेच जास्त येतात, परागकण निकामी होतात आणि धरलेली कळीही गळते. फेब्रुवारीतला वेल मात्र एप्रिलच्या सुरुवातीलाच फळे देऊ लागतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावायचा मोह टाळा. थंडीत वेल खुरटून बसतो.

२. दोनच प्रकार निवडा

पहिल्या वर्षी पाच प्रकार लावू नका. घर चार-पाच माणसांचे असेल तर गिलक्याचे (म्हणजे घोसाळ्याचे) दोन आणि कारल्याचे दोन-तीन वेल पुरतात. चांगला जमलेला दुधीचा एक वेलच शेजाऱ्यांना वाटत फिरायला लावतो.

सगळ्यांत सोपे गिलके. ते ऊन सोसते, रोग कमी घेते आणि भज्यांसाठी रोज दोन-चार हाताशी असतात. दोडका त्याचाच भाऊ, पण थोडा नाजूक. काकडी झटपट येते आणि झटपट संपतेही. दुधीला जागा फार लागते. कारल्याचे बी उगवायला हट्टी, पण एकदा मांडवावर गेले की बरेच दिवस तोडणी चालते. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, मांडवावर चढवू नका, ते जमिनीवरच पसरू द्या. मोकळी जागा नसेल तर त्याचा विचारच सोडा.

करटुल्याचे बी टोकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. त्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. बियापासून कोणता उगवेल हे फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून करटुले कंदापासून लावतात.

केळीचा बाग शेजारी असेल तर थांबा. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात घरामागे लगेच केळी असते. केळीवर येणारा हरण्या रोग काकडी मोझॅक विषाणूमुळे होतो. तो विषाणू काकडीवर्गातल्या वेलांवर राहतो आणि मावा किडीबरोबर केळीवर जातो. म्हणूनच केळीत आणि बांधावर काकडीवर्गीय पिके घेऊ नका असे सांगितले जाते. चार गिलक्यांसाठी शेजाऱ्याचा बाग धोक्यात घालण्यात अर्थ नाही. तिथे वालपापडीचा वेल लावा.

३. बी आणि साहित्य

कृषी सेवा केंद्रातून लहान पाकीट घ्या. पाकिटावरची चाचणीची तारीख, वैधता आणि उगवणीचा टक्का वाचा. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत दुधीसाठी सम्राट, कारल्यासाठी हिरकणी किंवा फुले ग्रीन गोल्ड, दोडक्यासाठी फुले सुचेता किंवा पुसा नसदार, गिलक्यासाठी पुसा चिकनी, काकडीसाठी हिमांगी किंवा फुले शुभांगी ही नावे विचारा. यातले ‘फुले’वाले वाण, सम्राट, हिरकणी आणि हिमांगी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे आहेत, आणि खान्देश त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. संकरित बियाणे जोमदार असते, पण त्याच्या फळातले बी पुढच्या वर्षी तसेच फळ देत नाही.

गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले बी म्हणजे औषध लावलेले बी. ते भिजवू नका, नाहीतर औषध पाण्यात धुऊन जाते. लहान मुलांपासून दूर ठेवा आणि हात साबणाने धुवा.

बियांशिवाय लागेल ते असे:

- चांगले कुजलेले शेणखत, दर आळ्याला ३ ते ४ किलो
- निंबोळी पेंड, दर आळ्याला १०० ग्रॅम
- सिंगल सुपर फॉस्फेट ५० ग्रॅम, हवे असेल तर
- चहाचे कागदी कप, रोपांसाठी
- बांबू किंवा लोखंडी पाइप, तार, ६ इंची घरांची नायलॉन जाळी
- बांधायला केळीचे सोपट किंवा सुतळी. प्लास्टिकची दोरी खोडात रुतते.
- फळमाशीचे सापळे २, कडुनिंबाचे तेल, जुनी मच्छरदाणी

४. आळे भरणे

दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. भिंतीच्या पश्चिमेला लावणार असाल तर सावध राहा. एप्रिलमध्ये दुपारभर तापलेली भिंत रात्रीपर्यंत वेलाला भाजत राहते. पूर्वेची बाजू चांगली.

दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत शेणखत, पेंड आणि फॉस्फेट मिसळून खड्डा भरा, आणि पावसाळी लागवड असेल तर जमिनीपासून वीतभर उंच ढीग करा. ही उंची चुकवू नका. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि वेलाचे मूळ तीन-चार दिवस पाण्यात राहिले की खोड जमिनीलगत पिवळे पडून मऊ होते. उन्हाळी लागवडीत याच्या उलट करा, आळे जमिनीपेक्षा चार बोटे खोल ठेवा.

शेणखत कच्चे नको. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला किंवा ते गरम लागले, तर ते अजून तयार नाही. त्यात हुमणी येते आणि कोवळे मूळ करपते.

गच्चीवर लावणार असाल तर गिलके, कारले, काकडीला २०-२५ लिटरची रंगाची बादली चालते. दुधीला ४०-५० लिटरच्या ड्रमखाली जमत नाही. तळाला बोटाएवढी पाच-सहा छिद्रे पाडा. निव्वळ काळी माती कुंडीत भरली तर ती दगडासारखी घट्ट होते आणि कडेने भेगा पडून पाणी थेट खाली जाते. दोन भाग गाळाची माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण करा. बादली स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली विटा द्या.

दोन वेलांतले अंतर: दुधी ६ फूट, गिलके आणि दोडका ३ फूट, कारले आणि काकडी २ फूट. रोप बोटभर असताना हे अंतर हास्यास्पद वाटते. दीड महिन्याने कमी वाटू लागते.

५. बी भिजवणे आणि टोकणे

बिनरंगी बी कोमट पाण्यात भिजवा. काकडी ४-६ तास, गिलके आणि दोडका १२ तास, दुधी रात्रभर, कारले २४ तास. कारल्याची साल जाड असते. नेलकटरने टोकदार बाजूची साल किंचित कापा, आतला पांढरा दाणा दिसता कामा नये. भिजवल्यावर बी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. फेब्रुवारीत तो डबा स्वयंपाकघरात उबेला ठेवा. मोड बियाएवढा झाला की लगेच टोका, लांब मोड हाताळताना तुटतो.

अंगठ्याच्या पहिल्या पेराइतके, म्हणजे सुमारे एक इंच खोल टोका. टोकदार बाजू खाली किंवा बी आडवे. मूळ त्या टोकातूनच निघते. दर आळ्यात तीन बिया, एकमेकींपासून चार बोटांवर. काकडी ३ ते ५ दिवसांत, गिलके ५ ते ७, दुधी ६ ते ८ आणि कारले ८ ते १२ दिवसांत वर येते. त्याआधी उकरून बघू नका.

उन्हाळी लागवडीत जानेवारीअखेर कागदी कपात रोपे करून ठेवणे सोयीचे. कपाच्या तळाला छिद्र, एका कपात एकच बी. या वर्गाच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून दोन खरी पाने आली की, साधारण १२ ते १५ दिवसांत, संध्याकाळी लावून टाका. कप काढताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. पहिली जी दोन गुळगुळीत जाड पाने येतात ती बीजपत्रे, ती मोजू नका.

चार पाने झाल्यावर आळ्यात सगळ्यांत जोमदार एक रोप ठेवा. बाकीची कात्रीने कापा, उपटू नका. उपटताना ठेवलेल्याचे मूळही हलते. बहुतेकांचा हात इथेच अडखळतो. दया येऊन तिन्ही ठेवली की तिन्ही एकमेकांचे पाणी-खत खातात आणि एकही धड फळत नाही.

६. पहिले वीस दिवस

यात सगळ्यांत मोठा शत्रू लाल भुंगा. तांबूस-केशरी, तांदळापेक्षा थोडा मोठा. तो बीजपत्रांना गोल भोके पाडतो आणि दोन दिवसांत रोप संपवतो. तारेच्या कमानीवर मच्छरदाणी टाकून कडा मातीने दाबा. फुले येण्याआधी ती काढायची असते, हे विसरू नका. जाळी नसेल तर सकाळी लवकर, भुंगे सुस्त असताना, साबणाच्या पाण्यात झटकून टाका. चुलीची राख दवावर भुरभुरली तर थोडा आडोसा होतो. पण आपली माती आधीच अल्कधर्मी आहे, राख मूठमूठ ओतू नका.

७. मांडव आणि छाटणी

मांडव वेल हातभर व्हायच्या आत उभा हवा. उंची सहा ते साडेसहा फूट, म्हणजे खाली उभे राहून तोडणी करता येते. चारही कोपऱ्यांचे खांब दीड-दोन फूट गाडा आणि बाहेरच्या बाजूला ताण द्या. मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात भरलेला मांडव शिडासारखा फुगतो, तेव्हा बळ खांबात नव्हे, ताणात लागते. तूर किंवा कपाशीच्या काड्या वेलाला वर चढवायला उत्तम, पण मांडवाचा भार त्यांच्यावर टाकू नका.

वेल मांडवाला पोहोचेपर्यंत बगलेतून निघणारे सगळे फुटवे चिमटा. एकच खोड सरळ वर न्या. मांडवावर हातभर पसरला की शेंडा खुडा. मग बाजूच्या फांद्या फुटतात, आणि दुधीत मादी फुले मुख्यतः त्या फांद्यांवर येतात. व्हिडिओंमध्ये ज्याला थ्री-जी कटिंग म्हणतात ते हेच, फांदीचाही शेंडा पुन्हा खुडायचा. दुधीला याचा फायदा दिसतो. काकडीला गरज नाही. पाने पिवळी असलेल्या, दुबळ्या वेलाचा शेंडा मुळीच खुडू नका.

८. पाणी आणि खत

पाणी सकाळी, बुंध्यापासून वीतभर दूर. जमिनीतल्या वेलाला उन्हाळ्यात एक दिवसाआड १० लिटरच्या आसपास, कुंडीला रोज आणि मेमध्ये दोनदा. दुपारी पाने मलूल दिसली तर घाबरू नका, संध्याकाळी ताठ झाली तर ठीक आहे. सकाळीच मलूल असतील तर तहान आहे किंवा मूळ सडले आहे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहा.

नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत दोन वेलांच्या मध्ये एक मडके गळ्यापर्यंत पुरा. मडके बिनरंगी आणि झिरपणारे हवे. ते भरून झाकण ठेवले की दोन-तीन दिवस मुळांना ओल मिळते. वर वाळलेल्या केळीच्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे आच्छादन करा. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी मात्र घालू नका. त्यात क्षार साठलेले असतात, काकडीच्या पानांच्या कडा आधी जळतात.

खत तिसाव्या दिवशी दोन ओंजळी गांडूळखत, मग फुले लागल्यावर दर पंधरा दिवसांनी तेवढेच. युरिया देणारच असाल तर एका वेलाला १० ग्रॅमच्या वर नको, आणि फुले लागल्यावर नकोच. नत्र जास्त झाले की पाने आणि नर फुले वाढतात, सुरुवातीला सांगितलेला माजलेला वेल तो हाच.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत नेहमी दिसते. चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

९. फूल आणि फळधारणा

सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नुसती नर फुले येतात आणि गळतात. ते ठीक आहे. मादी फुलाखाली इवलेसे फळ असते, नराखाली नुसता देठ.

परागीभवन कधी होते हे भाजीवर अवलंबून असते, आणि हेच बहुतेकांना माहीत नसते. गिलके, कारले, काकडी आणि गंगाफळ यांची फुले पहाटे-सकाळी उमलतात. दुधी, दोडका आणि पडवळ यांची संध्याकाळी. सकाळी नऊला दुधीचे फूल हाताळून काही होत नाही, त्याची वेळ टळलेली असते.

गच्चीवर किंवा दाट वस्तीत मधमाश्या कमी असतील तर हाताने करा:

1. त्याच दिवशी उमललेले नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा.
2. मधला पिवळा दांडा बोटाला लावून पाहा. पिवळी पूड लागली पाहिजे.
3. तो मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच तीन-चार वेळा फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते.
4. देठाला लोकरीचा धागा बांधा, म्हणजे किती यशस्वी झाली ते कळते.

एप्रिलअखेरीपासून दुपारी वेलावर ३५ टक्के सावलीची जाळी किंवा जुनी सुती साडी ताणली, तर फळगळ कमी होते.

फळ गळण्याची कारणे ओळखायला शिका. छोटे फळ दोन-तीन दिवसांत टोकाकडून पिवळे पडून सुकले, तर परागीभवन झाले नाही. फळ एका बाजूला वाकडे झाले, त्यावर टाचणीएवढे भोक आणि डिंकासारखा थेंब असेल, तर फळमाशी. पहिल्यावर उपाय हाताने परागीभवन, दुसऱ्यावर सापळा. औषध दोन्हींचे एक नाही.

१०. कीड, रोग

फळमाशीसाठी क्यू-ल्युर गोळीचा सापळा मागा. दुकानात बरेचदा आंब्याचा, म्हणजे मिथाइल युजेनॉलचा सापळा हाती पडतो. वेलावरची माशी त्याकडे फिरकत नाही. फुले लागायच्या आधीच टांगा. सापळ्यात फक्त नर मरतात, त्यामुळे बोटभर झालेली फळे कागदी किंवा जाळीच्या पिशवीतही घाला. डागी फळे उकिरड्यावर टाकली तर अळ्या मातीत जाऊन पुन्हा माशा होतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग टाका. आळ्याभोवतीची माती अधूनमधून खुरपून उघडी करा.

मावा आणि पांढरी माशी दिसली तर कडुनिंबाचे तेल लिटरला ५ मिली, त्यात थोडा साबण. गिलके-कारल्यावर संध्याकाळी आणि दुधी-दोडक्यावर अगदी पहाटे, म्हणजे मधमाश्यांवर पडत नाही. पाने वळून, चट्ट्यापट्ट्यांची होऊन वेल खुजा झाला तर तो विषाणू. त्याला औषध नाही. उपटून नष्ट करा, शेजारच्याला हात लावण्याआधी हात धुवा.

पानावर पिठासारखी पांढरी भुरी आली तर खालची जुनी पाने काढा, हवा खेळू द्या. गंधक या वर्गाच्या पानांना सहज भाजते, उन्हाळ्यात तर वापरूच नका.

११. तोडणी

टोकल्यापासून काकडी ४० ते ४५ दिवसांत, गिलके आणि दोडका ५० ते ६०, दुधी आणि कारले ५५ ते ६५ दिवसांत सुरू होते. फूल धरल्यावर गिलके ५-७ दिवसांत, दुधी १०-१२, कारले १२-१५ दिवसांत तोडा. दुधीत नख सहज रुतले पाहिजे. कात्रीने, देठासह कापा. एक फळ जून होऊ दिले की वेल बी पोसायला लागतो आणि नवी फुले कमी होतात, म्हणून दिवसाआड मांडवाखाली वर बघत एक चक्कर मारा.

दुधी चिरण्याआधी छोटा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका आणि सगळा दुधी फेका. शिजवून कडूपणा जात नाही. हा कडूपणा विषारी असतो, कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही असा रस न पिण्याचा इशारा दिलेला आहे. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाच्या दुधीची आणि काकडीची ही चाचणी कधीच चुकवू नका.

१२. वेल संपल्यावर

पाने करपू लागली की वेल मुळासकट काढा. त्याच आळ्यात लगेच दुसरा काकडीवर्गीय वेल नको, मेथी किंवा वाल घ्या.

सरळ वाणाचे बी ठेवायचे असेल तर पहिल्या तोड्यांतले एक निरोगी फळ वेलावरच राहू द्या. गिलके तपकिरी होऊन हलवल्यावर आत खुळखुळले की तयार. टोकाची टोपी मोडून उलटे झटका, काळ्या बिया आपोआप पडतात. त्या सावलीत वाळवून, राख लावून डब्यात भरा. उरलेली जाळी पाण्यात भिजवून साल काढली की अंघोळीची घासणी झाली.